कपाट पुढे गेलं

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते शाळेत शिकवत नाहीत, गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली असतात तसे क्लच आणि ब्रेक त्यांच्याही पायाखाली आहेत. शेजारी बसून नुसतं बोलायचं आणि अगदी वेळ आली तरच पाय लावायचा, असं ते काम. आमच्या भागातले निम्मे लोक त्यांच्याकडे शिकलेत. दातांची डॉक्टर शिकली, बेकरीवाला शिकला, ज्यांना सायकलचाही तोल सांभाळता येत नव्हता असे दोन सख्खे भाऊ शिकले आणि आता ट्रक चालवतात.

मास्तरांची शिकवायची एक रीत आहे. त्यांचं म्हणणं, घाबरलेल्या माणसाचे खांदे कानाला लागतात आणि खांदे वर असले की स्टिअरिंग वळत नाही. म्हणून ते विनोद सांगतात. माणूस हसला की खांदे खाली येतात, मग गाडी आपोआप सरळ जाते. यात तथ्य असेलही. पण विनोद मोजकेच आहेत, आणि लग्नापासून मी तेच ऐकत आलेय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, घाबरलेली माणसं मलाही रोज भेटतात. मी त्यांना ‘मूठ आवळा’ एवढंच सांगते, तरी माझं काम होतं. मी काही हसरी बाई नाही.

त्या विनोदांतला सगळ्यात लांबलचक म्हणजे कपाटाचा. एक आजी गाडी शिकायला येते आणि इतकी हळू चालवते की शेजारून सायकलवाला पुढे जातो. मास्तर म्हणतात, आजी, सायकल पुढे गेली. आजी म्हणते, जाऊ दे. मग काठी टेकत चाललेले एक आजोबा पुढे जातात. जाऊ दे. मग दोन हमाल खांद्यावर कपाट घेऊन येतात आणि तेही पुढे जातात. मास्तर म्हणतात, अहो आजी, आता तर कपाट पुढे गेलं! यावर आजी काय म्हणते ते मी आत्ता सांगत नाही. का, ते कळेल.

आता केकवाल्या बाईंबद्दल. या बाई घरी केक करतात आणि स्कूटरवरून पोचवतात. मजल्यांचे केक स्कूटरवर टिकत नाहीत, वाटेतच एक मजला दुसऱ्यावर बसतो. म्हणून त्यांना छोटी व्हॅन घ्यायची होती आणि त्या मास्तरांकडे येत होत्या. हात चांगला बसला होता, परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी गोदामांच्या मागच्या रस्त्यावर एका फाटकातून एक टेम्पो न बघता रिव्हर्समध्ये बाहेर आला आणि बाईंच्या दारावर आदळला. बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. चूक टेम्पोवाल्याची होती, हे पोलिसांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं, खुद्द टेम्पोवाल्यानेही मान खाली घालून कबूल केलं. हात बरा होताच बाईंनी वर साखरेचं स्टिअरिंग काढलेला केक पाठवला. मास्तरांनी त्याला बोट लावलं नाही. शेवटी मी तो लॅबमध्ये नेला आणि दुपारपर्यंत संपला.

त्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडाला कुलूप लागलं. गाडी दुरुस्त होऊन आली, शिकवणं पुन्हा सुरू झालं, पण विनोद एकही नाही. आणि पाय कायम ब्रेकवर. शिकणाऱ्याने गिअर टाकला की ब्रेक, लांब कुत्रं दिसलं की ब्रेक, काही दिसलं नाही तर काहीतरी असेल म्हणून ब्रेक. गाडी उचकी लागल्यासारखी चालायची. एक कॉलेजची मुलगी त्यांना म्हणाली, ‘मास्तर, गाडी मी चालवतेय की तुम्ही?’ आणि दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या स्कूलमध्ये जाऊ लागली. तिच्या मागोमाग आणखी काही गेले. केकवाल्या बाई मात्र चिवट. त्यांचा फोन यायचा, ‘मास्तर, मी तुमच्याकडेच शिकणार. कधी येऊ?’ मास्तर म्हणायचे, पुढच्या आठवड्यात बघू. तो आठवडा काही उजाडत नव्हता.

घरीही तेच. जेवताना टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशी दाबत असायचा. माझ्या स्कूटरवर मागे बसले की माझ्या बरगड्यांची कणीक व्हायची. आणि मग एका संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, हवापाण्याचं बोलावं तसं ते म्हणाले, ‘गाडी विकून टाकू म्हणतो.’

हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या गाडीत बसून पेपर वाचतो. ती गाडी गेली तर त्यांच्यात काय उरलं असतं, याचा विचार मला करवेना.

मी लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते आणि तिच्या जिभेला धार आहे, ती कोणाकडून आली ते सांगायला नको. तिने एक मानसोपचार करणाऱ्या बाई शोधल्या, वेळ ठरवली आणि मगच बापाला सांगितलं.

‘मला वेड लागलंय का?’ मास्तर फोनवर ओरडले.

‘बाबा, क्लच प्लेट घासली की तुम्ही गॅरेजमध्ये नेता ना?’

‘गॅरेजवाला माझ्याशी गप्पा मारत बसत नाही!’

‘मारतो. तासन् तास मारतो. आई त्यावरून किती बोलते तुम्हाला.’

हे खरं होतं. तरी ते अडून बसले. शेवटी मी म्हटलं, ‘अहो, जायचं नसेल तर नका जाऊ. पण मग गाडी विकल्यावर दिवसभर घरात बसून तुम्ही मला स्वयंपाक शिकवणार आणि प्रत्येक फोडणीला ब्रेक मारणार. ते मी ऐकून घेणार नाही.’ मास्तर म्हणाले, ‘किती वाजता जायचंय?’

इथे त्यांनी ती चूक केली, जी गाडी शिकवणाराच करू शकतो. त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. आयुष्यभर त्यांनी लोकांना परीक्षेला पाठवलंय. परीक्षक शेजारी बसतो, काही बोलत नाही, गुपचूप खुणा करतो. त्याच्यासमोर कसं वागायचं हे मास्तर प्रत्येकाला घोटून घेतात. आरसा नुसता बघायचा नाही, बघताना दिसलं पाहिजे, मान अशी वळवा. विचारलं तेवढंच सांगा. चेहरा हसरा. आता तीच तयारी त्यांनी स्वतःची केली. केस कापून आले, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात लायसन्स आणि माझ्या लॅबचे रक्ताचे रिपोर्ट घेतले. निघण्यापूर्वी गाडीच्या आरशात बघून ‘झोप उत्तम लागते’ हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. मी ऐकलं.

मानसोपचाराच्या बाईंची खोली चपलांच्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, वर छोटीशी बसायची जागा, पाण्याचा जग, एक रोपटं, जुनी मासिकं. मास्तर कुजबुजले, ‘आत आडवं झोपवतात. मग डोळ्यांपुढे घड्याळ हलवतात.’ मी म्हटलं, ‘मोजे धुतलेत ना? मग झोपा.’ तेवढ्यात दार उघडलं. बाई आमच्या लेकीच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी मास्तरांना आत बोलावलं आणि मी उठले तर मला म्हणाल्या, ‘आज आधी त्यांच्याशी एकटीच बोलते. तुम्ही इथे बसाल ना?’

राग आला. सगळं नीट, क्रमवार सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिलाच बाहेर बसवलं. मी एका मासिकातला दिवाणखाना सजवण्यावरचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि त्यातलं एक अक्षर आता आठवत नाही.

आत काय झालं ते मला मास्तरांनी नंतर सांगितलं, तेही एका दमात नाही. दात घासताना थोडं, गाडी पुसताना थोडं. ते मी जोडून सांगतेय, त्यांना विचारून.

आत आडवं व्हायला काही नव्हतं. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या, जरा तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे वाटलं तर समोर बघावं, नाही तर खिडकीकडे. मध्ये छोटं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते हलत नव्हतं. पायाखाली पातळ सतरंजी.

बाईंनी आधी सगळं समजावून सांगितलं. इथलं बोलणं इथेच राहतं, घरच्यांनाही त्या सांगत नाहीत. फक्त कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर गप्प बसता येणार नाही. त्या औषधं देत नाहीत, गरज वाटली तर तशा डॉक्टरांकडे पाठवतील. तासाभरापेक्षा थोडं कमी बसायचं. आज फक्त ओळख आणि काय त्रास होतो ते. नको वाटेल त्या प्रश्नाला उत्तर नाही दिलं तरी चालतं. मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. शिकणारे अशीच मान हलवतात आणि त्यांना काहीही कळलेलं नसतं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

मग प्रश्न. झोप कशी आहे? उत्तम. भूक? उत्तम. घरी कोण कोण? बायको, एक मुलगी, दोघी उत्तम. (हे मात्र खरं सांगितलं.) काम? उत्तम. मास्तर ताठ बसून, हसऱ्या चेहऱ्याने, बाईंकडे बघताना दिसेल असं बघत होते. आपण पास होणार याची त्यांना खात्री वाटू लागली.

बाईंनी विचारलं, ‘मुलीने फोनवर अपघाताचं सांगितलं होतं. तुम्हाला चालणार असेल तर विचारते. तेव्हा गाडीत काय चाललं होतं?’

‘शिकवणं,’ मास्तर म्हणाले.

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. मास्तरांना गप्प माणूस सहन होत नाही. गाडीत कोणी गप्प झालं की ते विनोद सुरू करतात. इथे करता येईना. घड्याळाची टिकटिक, खाली दुकानात कोणीतरी बूट आपटून बघत होतं.

‘तुमच्या पायाला काही होतंय का?’ बाईंनी हळूच विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय पुढे ताणलेला, टाच टेकलेली, चवडा खाली दाबलेला. सतरंजी त्याखाली गोळा होऊन तिच्या चुण्या पार टेबलापर्यंत गेल्या होत्या. किती वेळ दाबत होते कोण जाणे.

‘हे काय आहे?’

‘ब्रेक,’ मास्तर म्हणाले.

मग ते म्हणाले, ‘मी विनोद सांगत होतो.’

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, लेकीला नाही, मला नाही. टेम्पो आला तेव्हा ते केकवाल्या बाईंकडे वळून हातवारे करून विनोद सांगत होते, आणि त्यांचा पाय ब्रेकवर पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दार आत आलं. त्यांना वाटत होतं, तोंड बंद असतं तर पाय वेळेवर गेला असता. लोक ‘तुमची चूक नाही’ म्हणाले की त्यांना आणखी मेल्यासारखं व्हायचं, कारण लोकांना हे माहीत नव्हतं.

हे ऐकताना मला वाटलं, बाई आता म्हणतील, छे छे, तुमचा काय दोष. मी तेच म्हटलं असतं. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘कोणता विनोद?’

हा प्रश्न मास्तरांच्या तयारीत नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि सांगायला लागले. आजी, सायकलवाला, काठीवाले आजोबा, हमाल. ‘मास्तर म्हणतात, आता तर कपाट पुढे गेलं...’ आणि तिथेच अडकले. त्या दिवशी इथपर्यंतच पोचले होते. पुढचा शब्द येईना. त्यांनी विचारलं, ‘आज इथेच थांबलं तर चालेल?’

‘चालेल की,’ बाई म्हणाल्या. ‘जड झालं की तुम्ही थांबायचं. आणि मला तसं दिसलं तर मीही थांबवेन.’

‘म्हणजे दोन्हीकडे ब्रेक.’

‘हो, तुमच्या गाडीत असतात तसेच.’

मास्तरांना हे फार आवडलं. नंतर मला सांगताना त्यांनी हे चार वेळा तरी सांगितलं असेल.

शेवटी बाईंनी विचारलं, इथे येऊन तुम्हाला काय व्हायला हवंय? मास्तर म्हणाले, ‘मला पाय उचलायचाय.’ बाईंनी मान डोलावली. किती भेटी लागतील ते आत्ता सांगता येणार नाही, म्हणाल्या, थोड्या भेटी झाल्या की दोघं मिळून बघू. उठताना मास्तरांना राहवलं नाही. ‘मॅडम, पास की नापास?’

‘ही परीक्षा नव्हतीच,’ बाई म्हणाल्या. ‘पण सुरुवातीला तुम्ही फार छान दिलीत.’

ते बाहेर आले तेव्हा मी त्यांचा चेहरा तपासला, रक्त काढल्यावर माणसाचा तपासते तसा. पांढरा पडला होता, पण खांदे खाली होते. ‘काय म्हणाल्या?’ मी विचारलं. ‘भूक लागली,’ मास्तर म्हणाले. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तिथे त्यांनी दोन सँडविच खाल्ली आणि माझ्यातलंही अर्धं. घरी येऊन जे झोपले ते चहालाच उठले. मला वाटलं होतं, एक तर बरे होऊन येतील, नाही तर आणखी बिघडून येतील. दमून भूक लागून येतील असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला एक शब्द सांगितला नाही, याचा राग होताच.

सांगितलं ते दोन दिवसांनी, गवारीच्या शेंगा मोडताना. ‘ऐक,’ ते म्हणाले. ‘टेम्पो आला तेव्हा मी कपाटाचा विनोद सांगत होतो.’

ते शेंगांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. इतके महिने हे एकटेच छातीवर घेऊन फिरले, या विचाराने माझा जीव कळवळला. असं काही झालं की मी चिडूनच बोलते.

‘एवढंच?’ मी म्हटलं. ‘तो विनोद ऐकून हाड मोडत असतं ना, तर माझं एकही शाबूत नसतं.’

मास्तर आधी दचकले, मग हसले. शेंगा सांडल्या इतके हसले आणि मग तसेच हसता हसता रडले. मी शेंगा गोळा करत बसले, कारण कोणीतरी करायलाच हव्या होत्या.

एका भेटीत सगळं झालं असं मी म्हणणार नाही. ते पुन्हा पुन्हा तो जिना चढले. कधी मोकळे होऊन यायचे, कधी फुरंगटून. एकदा तर म्हणाले, त्या बाईंना काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी वेळेच्या आधीच जाऊन बसले. गाडी विकायची भाषा हळूहळू बंद झाली. मग एका सकाळी मी चहा गाळत असताना त्यांनी आपण होऊन फोन लावला. ‘केकवाल्या बाई का? उद्या याल?’

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘तू मागे बस.’ मी रजा टाकली, पण त्यांना सांगितलं की आज तशीही सुट्टीच होती.

बाईंनी सीट पुढे घेतली, पट्टा लावला, आरसे बघितले, आणि मान अशी वळवली की बघताना दिसलं पाहिजे. गाडी निघाली. मागच्या सीटवरून मला मास्तरांचे पाय दिसत होते. त्यांनी ते आत ओढून सीटच्या कडेला टेकवले होते. घाम मात्र मानेवर आला होता. गोदामांच्या मागचा रस्ता बाईंनी आपणच घेतला. ते फाटक आलं तसा मास्तरांचा उजवा पाय पुढे सरकला आणि ब्रेकच्या अगदी वर जाऊन थांबला. बाईंनी वेग कमी केला, आत बघितलं, हॉर्न दिला आणि गाडी पुढे काढली. मास्तरांचा पाय परत मागे आला.

थोडं पुढे गेल्यावर बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘मास्तर, एक विचारू? त्या दिवशी कपाट पुढे गेलं. मग पुढे काय झालं?’

मास्तरांनी आपला पट्टा उगाच नीट केला.

‘हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या मला तेच आठवत होतं. घरी सगळ्यांना विचारलं, कोणालाच माहीत नाही. तुम्ही तर फोनवर बोलायलाच तयार नव्हता.’

मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ‘सांगा हो,’ मी म्हटलं, ‘किती ताटकळत ठेवणार त्यांना?’

मास्तरांनी घसा साफ केला. ‘मास्तर म्हणतात, अहो आजी, आता तर कपाट पुढे गेलं! आजी म्हणते, जाऊ दे रे बाबा. ते आमचंच आहे. मी आधी पोचले तर जिन्यावर चढवायला हात लावावा लागेल.’

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी आरसा बघितला. इंडिकेटर दिला. मान वळवली. गाडी सावकाश कडेला घेतली, थांबवली, न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून त्या अशा हसल्या की सगळी गाडी हलायला लागली.

मी हसले नाही, मला तो विनोद पाठ आहे. मी डोळे पुसत खाली वाकून पाहिलं. मास्तरांचे दोन्ही पाय सीटच्या कडेलाच होते. गाडी बाईंनी एकट्यांनी थांबवली होती.